ट्रेलर घेण्याआधी गाडी काट्यावर न्या

गाडी वाहून न्यायला ट्रेलर घ्यायचाय असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हमखास लांबीचा असतो. साडेचार मीटरचा पुरेल का, की पाचचा घेऊ? लगेच दुसरा, उघडा घेऊ की बंदिस्त? मी उत्तर देण्याआधी एवढंच विचारते: तुझी गाडी पुढच्या चाकांवर किती वजन टाकते आणि मागच्या चाकांवर किती? एकूण वजन बहुतेकांना ठाऊक असतं, तेही पुस्तिकेतलं. पुढची-मागची वाटणी मोजलेली माणसं क्वचित भेटतात. आणि ट्रेलर मागून सरळ येणार की हेलकावे खाणार, हे बरंचसं त्या वाटणीवर ठरतं.

दादा आणि मी जुन्या गाड्या उघडून पुन्हा बांधतो. सध्या आमच्याकडे दोन आहेत आणि दोघींचे स्वभाव अगदी वेगळे. एक फोक्सवॅगनची जुनी बीटल, इंजिन मागे. दुसरी पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५, १९८९ साली बाजारात आलेल्या मालिकेतली, बसकी, दोन सीटची, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं. या दोघींना एकच ट्रेलर चालला पाहिजे, ही आमची अट होती. या अटीमुळेच मला हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला.

वजन करणं सोपं आहे. मोठ्या वाहनांच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवायची आणि आकडा लिहून घ्यायचा. मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची बेरीज दुसऱ्याशी साधारण जुळली पाहिजे. नाही जुळली, तर गाडी सपाट उभी नव्हती असं समजावं आणि पुन्हा करावं. टाकीत नेहमी असतं तेवढं पेट्रोल ठेवावं. गाडीबरोबर नेहमी नेता ती अवजारांची पेटी, जादा टायर, जॅक, सगळं बरोबर घेऊन जावं, कारण ते सामानही ट्रेलरवरच चढणार असतं.

आमची बीटल भरली सुमारे ८२५ किलो, त्यातलं अंदाजे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४ मीटर. म्हणजे तिचा गुरुत्वमध्य दोन्ही चाकांच्या बरोबर मध्यापासून २४ सेंटीमीटर मागे पडतो. कागदावर हा आकडा अगदी किरकोळ वाटतो. आता ती ट्रेलरवर चढवून बघू.

ट्रेलर म्हणजे शेवटी एक तरफ. टेकू चाकांच्या जागी आणि एक टोक ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर, म्हणजे तिच्या मागच्या हुकावरच्या पोलादी गोळ्यावर. आमच्या ट्रेलरला दोन ॲक्सल, म्हणजे चाकांचे आडवे दांडे, आहेत आणि त्यांच्या मध्यापासून बॉलपर्यंतचं अंतर ३.६ मीटर आहे. ट्रेलरवरची १००० किलोची गाडी १० सेंटीमीटर पुढे सरकवली की बॉलवरचा उभा भार १००० गुणिले ०.१ भागिले ३.६, म्हणजे जवळजवळ २८ किलोंनी वाढतो. फक्त एक वीत सरकवायची तर त्याच्या दुप्पट. बीटलच्या बाबतीत गंमत याहून मोठी आहे. तीच गाडी, चाकं त्याच जागी, फक्त तोंड फिरवलं, तर तिचा गुरुत्वमध्य ४८ सेंटीमीटर सरकतो आणि बॉलवरच्या भारात ११० किलोंचा फरक पडतो. दादाचा यावर विश्वास बसेना, म्हणून आम्ही गाडी दोन्ही बाजूंनी चढवून कपलरखाली, म्हणजे ट्रेलरचं नाक बॉलवर जिथे बसतं त्या भागाखाली, काटा लावला. आकडा थोडा इकडेतिकडे झाला, पण फरक शंभराच्या वरच आला.

या उभ्या भाराला मी बॉलवरचं वजन म्हणते. ते कमी पडलं तर ट्रेलर शेपटीसारखा झुलतो. ते जास्त झालं तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग खाली बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. किती असावं याचे दोन ढोबळ दंडक आहेत. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के सांगतात. युरोपात ४ ते ७ टक्के चालतं, कारण तिथल्या गाड्यांच्या हुकांवर बऱ्याचदा ७५ ते १०० किलोंचीच मर्यादा छापलेली असते आणि ट्रेलर घेऊन पळण्याचा वेगही कमी असतो. जर्मनीत ट्रेलरसह साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, काही अटी पुऱ्या केल्या तर १००. दोन्ही दंडक आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र एकीकडचा ट्रेलर आणि दुसरीकडचा सल्ला अशी मिसळ करू नये. आधी आपल्या हुकाच्या पट्टीवरचा आकडा वाचावा. तो पाळून जेवढे जास्त टक्के मिळतील तेवढे घ्यावेत.

आमच्या ओढणाऱ्या गाडीची मर्यादा १०० किलो उभ्या भाराची आणि ब्रेक असलेला २५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढायची. रिकामा ट्रेलर ६५० किलो, त्याचा बॉलवर भार ४० किलो. एमएक्स-५ साधारण १००० किलोंची धरली तर वरून ६० किलो मिळवायचे, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या मध्याच्या २१-२२ सेंटीमीटर पुढे आला पाहिजे. एकूण १६५० किलो, बॉलवर १००, म्हणजे ६ टक्के. छान बसतं. बीटलला मात्र तोंड पुढे करून चढवलं तर वजन मागे राहतं, म्हणून ती बरीच पुढे घ्यावी लागते आणि पुढचा बंपर जवळजवळ ट्रेलरच्या नाकाला भिडतो. उलटी चढवली तर सहज जमतं, पण मग इंजिनाचं झाकण वाऱ्याच्या तोंडावर येतं, म्हणून त्याला एक जादा पट्टा लावतो.

लांबीचा प्रश्न आता कुठे येतो. आमची एमएक्स-५ जेमतेम चार मीटरची आहे, ती चार मीटरच्या फळीवर, म्हणजे गाडी उभी राहते त्या ट्रेलरच्या तळावर, मावेल. पण मावली की झालं असं धरून ट्रेलर घेतला तर ती सरकवायला जागाच उरत नाही. जिथे मावली तिथेच तिचं वजन पडणार, बॉलवर काय यायचं ते येवो. मला गाडीच्या लांबीपेक्षा निदान ६०-७० सेंटीमीटर जास्त फळी हवी असते. त्याहून फार लांबही नको. लांबी वाढली की ट्रेलरचं स्वतःचं वजन वाढतं आणि ते वजन गाडीच्या वाट्यातून वजा होतं.

आणखी एक बाब जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्यांना नीट ठाऊक हवी. आपण ज्या गाड्या आणतो त्या बऱ्याचदा पूर्ण नसतात. इंजिन काढलेलं, सीट नाहीत, कधी मागचे दरवाजे वेगळे. बीटलचं शंभरेक किलोंचं इंजिन काढलं की तिचा सगळा हिशोब बदलतो. अशी अर्धी गाडी आणायची असेल तर पूर्ण गाडीसाठी फळीवर केलेल्या खुणा वापरू नका, बॉलवरचं वजन त्याच दिवशी पुन्हा मोजा. मोजायला फार काही लागत नाही. ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना अडण्या, आणि कपलरखाली बॉलच्याच उंचीपर्यंत येईल असा लाकडाचा ठोकळा काट्यावर उभा करायचा. उंची महत्त्वाची आहे. नाक वर किंवा खाली असेल तर आकडा चुकतो.

झुलण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ट्रेलरची निवड चुकली तर त्याची सर्वात मोठी शिक्षा तिथेच मिळते. ट्रेलर मागून डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो, सुरुवातीला हलकं, मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. ठरावीक वेगाच्या खाली हे हेलकावे आपोआप विरतात, त्या वेगाच्या वर गेलं की वाढत जातात. वजन ॲक्सलच्या मागे गेलं की तो ठरावीक वेग खाली येतो. जड सामान ट्रेलरच्या दोन टोकांना ठेवलं तरी खाली येतो, बॉलवरचं वजन बरोबर दिसत असलं तरीही. म्हणून जादा चाकं आणि अवजारांची पेटी ॲक्सलच्या आसपास ठेवावी, अगदी मागच्या टोकाला तर कधीच नाही. झुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावं, उलटसुलट फिरवून सावरायचा प्रयत्न करू नये, जोरात ब्रेक मारू नये. वेग उतरू द्यावा. वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ होतो, असं अजूनही काही अनुभवी लोक सांगतात. कृपा करून ते ऐकू नका.

ब्रेकच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात. गाडी वाहणारा ट्रेलर भरल्यावर त्याच्या पुष्कळ वर जातो, त्यामुळे प्रश्नच मिटतो. दोन पद्धती सर्रास दिसतात. पहिलीत ओढणारी गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, कपलरमागचा दांडा आत सरकतो आणि तो दांडा ब्रेक लावतो. यात वायर नाही, डबा नाही, कुठल्याही गाडीला जोडता येतो. लांब उतारावर मात्र ट्रेलर सतत रेटत राहतो, ब्रेक सतत थोडे थोडे लागलेले राहतात आणि तापतात, म्हणून गिअर आधीच खाली घ्यावा लागतो. दुसरी पद्धत विजेच्या ब्रेकची. ड्रायव्हरजवळ कंट्रोलर, ड्रममध्ये विद्युतचुंबक. यात ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे हलकेच लावता येतात, आणि ट्रेलर झुलायला लागला तर हा फार मोठा आधार असतो. ज्यांच्या रस्त्यात घाट जास्त आहेत त्यांना, गाडीत कंट्रोलर बसवता येत असेल आणि त्यांच्याकडच्या नियमांत बसत असेल तर, मी विजेचे ब्रेक सुचवते. पद्धत कुठलीही असो, ट्रेलर सुटला तर स्वतःहून ब्रेक लावणारी तार शाबूत हवी, आणि ती ओढणाऱ्या गाडीच्या पक्क्या भागाला अडकवलेली हवी. बॉलच्या मानेभोवती नुसती गुंडाळलेली तार मी बऱ्याचदा पाहिली आहे. बॉलच निखळला तर तिचा उपयोग काय?

बॉलवरून आठवलं. युरोपात बॉल ५० मिलिमीटरचा असतो. अमेरिकेत बरेच ट्रेलर २ इंची बॉलवर चालतात, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि जड ट्रेलरसाठी २ पूर्णांक ५/१६ इंची. ५० आणि ५०.८ मध्ये डोळ्याला फरक दिसत नाही. इंची कपलर ५० च्या बॉलवर बसतो, खटका पडतो, वर-खाली हलवून बघावं तर किंचित सैल लागतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर कपलर बॉलवरून सुटायला तेवढा सैलपणा पुरेसा असतो. ट्रेलर दुसरीकडून आणलेला किंवा जुना असेल तर कपलरवर कोरलेला आकडा आणि बॉलवरचा आकडा दोन्ही वाचूनच जोडावेत.

ओढणाऱ्या गाडीच्या क्षमतेचा आकडा कसा काढतात हे कळलं की त्या आकड्याकडे बघायची नजर बदलते. युरोपातल्या मंजुरीच्या चाचणीत भरलेल्या ट्रेलरसह १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा गाडी थांबलेल्या अवस्थेतून पुढे नेऊन दाखवावी लागते. अमेरिकेत अनेक कंपन्या एसएई जे२८०७ नावाचं मानक पाळतात, त्यात लांब चढावर ठरावीक वेग टिकवणं वगैरे येतं. म्हणजे गाडी ओढू शकते एवढंच त्यातून बऱ्यापैकी सिद्ध होतं. ती रोज तेवढं ओढून सुखी राहील, हे कुठल्याच आकड्यात लिहिलेलं नसतं. शिवाय उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं इंजिन दर १००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. मी मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास थांबते. वहिनीचं मत आहे की तेही जास्त होतं, आणि आमच्यात सर्वात जास्त ट्रेलर तीच चालवते, तेव्हा तिच्या मताला वजन आहे.

एका मित्राला नुकतंच हे सगळं समजावलं. त्याला विजेवरची सेडान ट्रेलरवर न्यायची आहे. गाडी १८५० किलो. ट्रेलर चांगला पोलादी घेतला तर ७०० किलो. बेरीज २५५०. त्याने पाहून ठेवलेल्या ट्रेलरची पाटी २००० किलो एकूण वजनाची, म्हणजे त्यावर फार तर १३०० किलो चढवता येतात. फळी लांब होती, रुंद होती, गाडी आरामात मावत होती. त्याला निदान २७०० चा ट्रेलर लागेल आणि ओढायला आमच्यापेक्षा मोठी गाडी. काही देशांत त्यासाठी परवानाही वेगळा लागतो. युरोपातल्या साध्या ‘बी’ परवान्यावर ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर लावला तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३५०० किलोंची मर्यादा येते. विजेच्या गाड्यांनी हे गणित बदललंय. आकाराने मध्यम दिसणाऱ्या गाडीत बॅटरीचंच वजन इतकं असतं की नजरेच्या अंदाजावर विसंबता येत नाही.

त्याने मधेच विचारलं, मग नुसती पुढची चाकं उचलणारी दोन चाकी डॉली का नको? स्वस्त, हलकी, ठेवायला जागा कमी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला डॉली ठीक आहे. पण मागची चाकं रस्त्यावर फिरत राहतात. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवावा लागतो, चारही चाकांवर चालणारी असेल तर डॉलीचा विचारच करू नये. विजेच्या गाडीत फिरणारी चाकं मोटर फिरवतात आणि बऱ्याच कंपन्या तसं ओढायला स्पष्ट मनाई करतात. डॉली लावून रिव्हर्स घेणं तर जवळपास अशक्य, कारण वळणारे सांधे दोन होतात.

उघडा की बंदिस्त, यावर मी फार वेळ घालवणार नाही. बंदिस्त ट्रेलर रिकामाच बराच जड असतो, बाजूचा वारा झेलतो, इंधन पितो. रंगकाम झालेली किमती गाडी असेल, पाऊसपाण्यात लांब न्यायची असेल, रात्री बाहेर ठेवावी लागत असेल तर घ्यावा, आणि घेताना ड्रायव्हरच्या दाराजवळ बाजूचं झडप आहे ना ते बघावं, नाहीतर गाडी आत घातल्यावर माणूस बाहेर कसा येणार? आमच्यासाठी उघडाच बरा. आरशातून गाडी दिसते, पट्टे दिसतात.

एक ॲक्सल की दोन, यात मात्र माझं ठाम मत दोन. एक ॲक्सलचा ट्रेलर हलका असतो, हाताने फिरवता येतो, टायर दोनच. दोन ॲक्सलचा जागच्या जागी वळवताना टायर घासतो, कच्च्या जागेत चर पाडतो. पण वेगात एक टायर फुटला तर दुसरा सावरून धरतो, आणि हेलकाव्यांना तो जास्त दाद देत नाही. दोन ॲक्सलमध्येही प्रकार आहेत. पाट्यांच्या स्प्रिंगा असतील तर मधल्या सांध्यामुळे दोन्ही ॲक्सल वजन वाटून घेतात. रबराच्या टॉर्शन ॲक्सलची चाल मऊ आणि देखभाल कमी, पण ते ॲक्सल एकमेकांशी जोडलेले नसतात. ट्रेलरचं नाक वर राहिलं की मागच्या ॲक्सलवर जादा भार, खाली राहिलं की पुढच्यावर. टॉर्शनचा ट्रेलर घेणार असाल तर ओढणाऱ्या गाडीच्या बॉलची उंची आधी मोजून, ट्रेलर सपाट राहील अशीच जुळवून घ्या.

टायरच्या बाबतीत दोन आकडे वाचायला शिकलं की पुरे. एक भाराचा निर्देशांक. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ९३ म्हणजे ६५०. २००० किलोंच्या ट्रेलरला चार टायर, प्रत्येकी ५००, म्हणजे ८४ चे टायर कागदावर बरोबर बसतात आणि प्रत्यक्षात काठावर असतात. मी ९३ चे घेतले. दुसरा आकडा बनावटीच्या तारखेचा, चार अंकी: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते चालतात कमी आणि उन्हात उभे राहतात जास्त. नक्षी नव्यासारखी, पण बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा. सहा वर्षांच्या पुढचा टायर मी नक्षीकडे न बघता बदलते.

बसक्या गाड्यांसाठी चढावाचा विचार वेगळा करावा लागतो. फळी जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच असेल आणि रॅम्प दीड मीटरचे, तर चढ जवळपास २४ अंशांचा होतो. एमएक्स-५चा पुढचा ओठ तिथेच टेकतो. रॅम्प २.४ मीटरचे केले की तोच चढ साडेचौदा अंशांवर येतो. तेवढ्यानेही भागत नसेल तर मागचा भाग खाली झुकवलेली फळी घ्यावी, किंवा सबंध फळी कलणारा ट्रेलर. चढ संपून फळी सुरू होते त्या कोपऱ्यावर गाडीचं पोटही टेकू शकतं, ते वाकून बघावं.

चढवतानाची एक गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्याला दचकवते. गाडीची पुढची चाकं रॅम्पवर आली की ट्रेलरचा मागचा भाग खाली दबतो आणि नाक वर उचलू लागतं. ट्रेलर जोडलेला असेल तर ओढणाऱ्या गाडीचा मागचा भागही वर येतो, तिच्या मागच्या चाकांवरचं वजन उतरतं, आणि हँडब्रेक त्याच चाकांवर असेल तर सगळी वरात हळूच पुढे घसरू शकते. म्हणून ट्रेलर न जोडता कधीही गाडी चढवू नये, मागच्या कोपऱ्यांखाली टेकू द्यायचे पाय असलेलाच ट्रेलर घ्यावा आणि ओढणाऱ्या गाडीच्या चाकांना अडण्या लावाव्यात.

आणि दार! ट्रेलरच्या चाकांवरचे मडगार्ड फळीच्या दोन्ही बाजूंना वर आलेले असतात. बसक्या गाडीचं दार नेमकं त्यांच्यावर आपटतं. आमच्या ट्रेलरचा डावा मडगार्ड चार बोल्टांवर निघतो, घेताना मी ते मुद्दाम पाहिलं होतं. न चालणाऱ्या गाड्या आणणाऱ्यांना विंच, म्हणजे रिळावर दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, लागतेच. १००० किलोंची गाडी १५ अंशांवर ओढायला साधारण २६० किलोंचा जोर लागतो, घर्षण वेगळं, आणि एखादा ब्रेक जाम असेल तर तो कितीतरी वाढतो. विंचवर छापलेली ताकद रिळावरच्या अगदी पहिल्या थराची असते. दोर जितका गुंडाळत जाल तितकी ती कमी होते, आणि गाडी फळीवर पूर्ण चढत असते तेव्हा रीळ भरत आलेलं असतं. मी गाडीच्या वजनाएवढ्या किंवा दीडपट क्षमतेची विंच घेते.

बांधण्याचे कडे किती आणि कुठे आहेत, हेही निवडीतच धरा. युरोपातल्या बांधणीच्या मानकात पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरतात. म्हणजे १००० किलोंची गाडी ब्रेक मारल्यावर ८०० किलोंच्या जोराने पुढे यायला बघते. त्या हिशोबाने चारही चाकांवर स्वतंत्र रॅचेट पट्टे, टायरवरून, कारण मग गाडीचं सस्पेन्शन मोकळं राहतं आणि खड्ड्यात पट्टा ढिला पडत नाही. कडे फळीला स्क्रूने बसवलेले असतील तर नको, सांगाड्याला वेल्ड किंवा आरपार बोल्ट केलेले हवेत. जागा बदलता येणारी रूळपट्टी असेल तर उत्तमच, आमच्यासारख्या दोन वेगळ्या गाड्यांना तीच सोयीची पडते. निघाल्यावर काही किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणायचे, हे आमच्याकडे दादाचं काम.

जुना ट्रेलर बघायला जाताना मी टॉर्च, चटई आणि जॅक घेऊन जाते. आधी खाली झोपायचं. पुढच्या त्रिकोणी दांड्याचे जोड सांगाड्याला मिळतात तिथले वेल्ड बघायचे, तडा तिथेच पडतो आणि रंगाखाली गंजाची बारीक रेघ म्हणून दिसतो. नळ्यांची टोकं उघडी असतील तर आत टॉर्च मारायचा, बाहेरून चकाचक आणि आतून पापुद्रे सुटलेले ट्रेलर असतात. म्हणूनच गरम जस्तात बुडवलेला सांगाडा मला पटतो, जस्त आतल्या बाजूलाही चढतं. मग चारही टायरची झीज. एकाच ॲक्सलचे टायर आतल्या कडेने झिजलेले असतील तर ॲक्सल वाकलेला असू शकतो. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं, फिरवून कान लावायचा. बेअरिंग घरघरत असेल तर ते बदलणं फार महाग नाही, पण मालकाने ट्रेलर कसा ठेवला ते त्यातून कळतं. लाकडी फळी असेल तर कडेला आणि बोल्टांभोवती स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. शेवटी सगळे दिवे लावून बघायचे, आणि पाटीवरचा क्रमांक कागदांवरच्या क्रमांकाशी ताडून घ्यायचा. पाटी नसेल तर त्या ट्रेलरची क्षमता कुणालाच सांगता येणार नाही. मग तो कितीही स्वस्त असो, मी परत फिरते.

घरी आणताना तो रिकामाच आणा. वाटेत थांबून हबच्या मधल्या टोपीला सावधपणे हात लावून बघा. कोमट असणं ठीक, हात ठेववत नसेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा घट्ट करा.